रुळांवरची चांदी

क्ष-किरण चित्रात फुफ्फुसाच्या जागी एक बारीकसा ठिपका दिसला, तर तो रोगाचा की फिल्म धुणाऱ्या यंत्राचा? शंका आली की चित्र पुन्हा घ्यावे लागते, आणि रोग्याच्या अंगातून क्ष-किरण दुसऱ्यांदा जातात. म्हणून यंत्राची सफाई हे क्षुल्लक काम नव्हे.

क्ष-किरण फिल्म रुळांवरून आपोआप पुढे नेणारे यंत्र कोडॅक कंपनीने १९५६ साली आणले. फिल्म आधी डेव्हलपरमधून जाते, मग हायपोमधून, शेवटी पाण्यातून. आता बहुतेक रुग्णालयांत संगणकीय चित्रे आली. जेथे फिल्म आहे तेथे रूळ घासणे काही चुकलेले नाही.

यंत्रातला पांढरा थर तुमच्या ओळखीचा आहे. बंबात बसतो तसाच, दुष्फेन पाण्यातल्या कॅल्शियमचा. सौम्य ॲसेटिक आम्ल लावले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि थर विरघळतो. तपकिरी डाग हायड्रोक्विनोनचे हवेने ऑक्सिडीकरण झाल्यामुळे पडतात. ते ताजे असतानाच कोमट पाण्याने पुसावेत.

काळ्या डागापुढे मात्र ॲसेटिक आम्ल हात टेकते. हा डाग म्हणजे चक्क चांदी! ती रुळांवर आली कोठून? डेव्हलपरमधले सोडियम सल्फाइट फिल्मवरचे थोडे सिल्व्हर ब्रोमाइड विरघळवते. त्यातल्या चांदीच्या आयनांचे डेव्हलपर क्षपण करतो, आणि धातूचे सूक्ष्म कण टाकीच्या भिंतींवर व रुळांवर बसतात. चांदी आम्लातल्या हायड्रोजनला हटवू शकत नाही, हे तुम्ही धातूंच्या क्रियाशीलतेच्या श्रेणीत शिकला आहात. तेव्हा आधी तिचे ऑक्सिडीकरण केले पाहिजे. त्यासाठी पूर्वी पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल सर्रास वापरत. डाग झटपट जातो, पण त्यातले क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि गटारात सोडले तर पाणी विषारी करते. आम्लयुक्त पोटॅशियम परमँगनेटही चालते. त्याचा तपकिरी डाग मग सोडियम बायसल्फाइटने काढावा लागतो. ही दोन्ही कामे हातमोजे घातलेल्या तंत्रज्ञाची. घरी करून पाहू नका.

खरी कसोटी यापुढेच आहे. ऑक्सिडीकारकाचा अंश टाकीत राहिला, तर नवा डेव्हलपर नासतो. आम्ल हायपोत गेले, तर गंधक सुटून द्रावण गढूळ होते. म्हणून पुन्हा पुन्हा पाण्याने धुवायचे. आणि रोज सकाळी काम सुरू करताना आधी एक कोरी फिल्म यंत्रातून सोडायची. रुळांवरचा उरलासुरला कचरा तिला चिकटून बाहेर येतो.