दोन चाकें, चार चाकें आणि एक चालक

विद्यार्थिमित्रहो, ज्याच्या दारीं वेगवान मोटारसायकलही आहे आणि चपळ स्पोर्ट्स मोटारही आहे, तो मनुष्य मोठा भाग्यवान, असें तुमच्यापैकीं पुष्कळांस वाटत असेल. परंतु हीं दोन वाहनें बाळगणें म्हणजे दोन निरनिराळ्या विद्या शिकणें होय. एकीची संवय दुसरीस लावूं गेल्यास ती घात करते. तें कसें, हें पाहूं.

मोटारसायकल वळणावर चालकासह आंतल्या बाजूस कलवावी लागते. न कलविल्यास ती बाहेर उलटेल. वेग जितका अधिक व वळण जितकें आंखूड, तितका कल अधिक. ताशीं 54 किलोमीटर वेगानें 40 मीटर त्रिज्येचें वळण घ्यावयाचें, तर सुमारें 30 अंश कलावें लागतें. गंमत अशी कीं, वेगांत असतां उजवीकडे वळण्यासाठीं हँडलाची उजवी मूठ किंचित् पुढें ढकलावी लागते. पुढचें चाक क्षणभर डावीकडे जातें, त्यामुळें गाडी उजवीकडे कलते आणि मग वळते. पुष्कळ चालक हें नकळत करीत असतात.

मोटारीचें तसें नाहीं. चार चाकांवर ती आपली आपण उभी असते. हातांतील चक्र ज्या बाजूस फिरवावें त्या बाजूस ती वळते आणि तिचा सांगाडा उलट बाहेरच्या बाजूस झुकतो. म्हणून स्पोर्ट्स मोटार बुटकी व रुंद बांधतात. गुरुत्वमध्य जमिनीच्या जितका जवळ, तितकी ती वळणावर स्थिर. तिचीं चाकें घसरलीं तरी ती बहुधा उभीच राहते. परंतु कललेल्या मोटारसायकलचें पुढचें चाक जोराच्या ब्रेकनें घसरलें, तर चालक भूमीवर आलाच. एक नियम मात्र दोहोंस सारखा आहे: वेग दुप्पट झाला, कीं ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंत चौपट अंतर लागतें.

या दोन्ही विद्यांत जगज्जेता झालेला पुरुष आजवर एकच, इंग्लंडचा जॉन सर्टीझ (1934–2017). 1956 ते 1960 या काळांत त्यानें मोटारसायकलचीं 7 जागतिक अजिंक्यपदें मिळविलीं. पुढें तो मोटारीकडे वळला आणि 1964 सालीं फॉर्म्युला वनचें अजिंक्यपद त्यानें अवघ्या एका गुणानें जिंकलें. 1957 सालीं त्यानें बीएमडब्ल्यू 507 ही स्पोर्ट्स मोटार घेतली. तिच्या किंमतीचा कांहीं भार, ज्याच्या मोटारसायकलीवर तो जिंकला होता त्या काउंट आगुस्ता यानें उचलला. आठ सिलिंडरांचें, 150 अश्वशक्तींचें इंजिन असलेल्या या जातीच्या जेमतेम अडीचशें गाड्या निघाल्या. सर्टीझनें ती मरेपर्यंत जपली. मूळच्या ब्रेकवर संतुष्ट न राहतां त्यानें तिला अधिक चांगले डिस्क-ब्रेक बसविले. वेगाचा राजा थांबण्याची चिंता वाहत होता, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

इतक्या जाणत्यासही या छंदाची किंमत द्यावी लागली. 1965 सालीं कॅनडांत सरावाच्या वेळीं मोटार आदळून तो जबर जखमी झाला. 2009 सालीं त्याचा 18 वर्षांचा पुत्र हेन्री हा शर्यतींत दुसऱ्या गाडीचें निखळलेलें चाक डोक्यावर आदळून मरण पावला. पित्यानें त्याच्या नांवें संस्था काढून मेंदूस इजा झालेल्यांस साहाय्य देण्याचें व सुरक्षिततेचें शिक्षण देण्याचें कार्य आरंभिलें.

पालकांसही एक विनंती आहे. आपल्या देशांत गिअरची मोटारसायकल व मोटार यांसाठीं वयाचीं 18 वर्षें पूर्ण व्हावीं लागतात, आणि परवान्यावर दोहोंची नोंद निरनिराळी असते. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयी मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास अथवा मालकास 25,000 रुपये दंड व 3 वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो. मुलाच्या हातीं किल्ली देण्यापूर्वीं हें अवश्य आठवावें. आणि विद्यार्थ्यांनो, दोन वाहनें घेण्याचें स्वप्न खुशाल बाळगा. मात्र दोन्ही विद्या आधीं नीट शिका, आणि धांवण्याआधीं थांबावयास शिका.