भरतीच्या खालचं शहर

वाशीच्या मिनी सीशोअरवर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला तलाव आणि मधल्या बांधावर फिरायला आलेली माणसं. बहुतेकांना हा तलाव शोभेसाठी केलाय असं वाटतं. खरं तर आजूबाजूच्या सेक्टरांमधले पावसाळी नाले इथे येऊन मिळतात. कागदोपत्री त्याला धारण तलाव म्हणतात, बोलताना सगळेच होल्डिंग पॉण्ड म्हणतात. नवी मुंबई पावसात कशी तगते, हे समजून घ्यायचं तर उधाणाच्या दिवशी छत्री घेऊन या बांधावर उभं राहावं.

तलावातून खाडीकडे जाणाऱ्या वाटेच्या बाहेरच्या तोंडावर लोखंडी झडप असते, वरच्या कडेला बिजागरीवर टांगलेली. तिला ना मोटर लागते, ना माणूस. खाडी चढू लागली की चढणारं पाणीच झडपेला रेटून तोंडावर दाबून धरतं. मी वाकून पाहत होतो तेव्हा आधी फटीतून बाहेर पडणारी धार बारीक झाली, मग थांबली. बाहेर भरती चढत राहिली, आत पावसाचं पाणी त्याच्या गतीने चढू लागलं. पुढचे काही तास बांधाच्या दोन बाजूंना पाण्याच्या दोन पातळ्या होत्या, बाहेरची उंच आणि आतली सखल. ओहोटी लागून बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली, तशी झडप खालून जरा उचलली गेली. आधी गाळाचं काळं पाणी आलं, त्यामागून प्लास्टिकच्या पिशव्या, आणि मग गढूळ लोंढा सुटला.

सगळी मेख त्या बंद झडपेच्या काही तासांत आहे. तेवढ्या वेळात शहरावर जितका पाऊस पडेल तितका तलावात मावला पाहिजे. म्हणून तलाव केवढा हवा, हे पावसाच्या जोराबरोबर भरतीच्या वेळापत्रकावरही ठरतं. काही ठिकाणी पंपही बसवलेले आहेत. हा खटाटोप टाळायचा, तर सगळी जमीन मोठ्या भरतीच्या पातळीवर उचलावी लागली असती. तेवढ्या मुरमासाठी किती डोंगर फोडावे लागले असते, कोण जाणे. त्यापेक्षा भराव बेताचा घालायचा, खाडीला बांध घालायचा आणि मध्ये मोकळ्या जागा पाण्यासाठी राखायच्या, असं ठरलं. अभियंते याला डच पद्धत म्हणतात.

या सगळ्याची सुरुवात 1965 सालची. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ नियतकालिकात कल्पना मांडली : बेटावरची मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे, तिला खाडीपलीकडे पूर्वेला जागा द्या. 1961 साली सुमारे 41 लाखांवर असलेली मुंबईची लोकसंख्या 1971 मध्ये 59 लाखांच्या पुढे गेली होती. हे नवं शहर उभारण्यासाठी 17 मार्च 1970 रोजी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ठाणे, पनवेल आणि उरण भागातली 95 गावं, सुमारे 344 चौरस किलोमीटर क्षेत्र आणि 20 लाख लोकांचं उद्दिष्ट, असा तो पसारा होता. एकच मोठं केंद्र करण्याऐवजी रेल्वेच्या कडेने वाशी, नेरुळ, बेलापूर असे नोड आखले गेले. जमीन घ्यायची, रस्ते-पाणी-नाले करायचे, भूखंड विकायचे आणि त्या पैशातून पुढचं काम काढायचं, हे त्यामागचं अर्थकारण होतं. मानखुर्द–वाशी रेल्वे 1992 मध्ये आली तीही अशीच : 67 टक्के खर्च सिडकोचा, 33 टक्के रेल्वेचा. घाऊक बाजार तुर्भ्याला आले, मंत्रालय मात्र नरिमन पॉइंटलाच राहिलं. मुंबईची गर्दी काही ओसरली नाही.

पण या आराखड्यातलं पाण्याचं गणित इथल्या गावांना नवं नव्हतं. खाडीकाठचे आगरी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले होते. चिखलमातीचे बांध घालून खारं पाणी अडवायचं, आत भात पिकवायचं आणि पावसाचं जादा पाणी ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, सोडून द्यायचं. वाशीच्या झडपेची ती थोरली बहीणच. आजही उरण-पेणच्या खारभागात या उघाड्या दिसतात. बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं भात हाती लागत नाही. म्हणून बांधबंदिस्तीला गाव एकत्र उतरायचं. ज्याची जमीन आत, त्याचे हात बांधावर.

शहराने पाणी अडवायची तीच युक्ती वापरली, जमीन घेतली आणि ती राखणारी माणसं हिशेबातून वगळली. त्याचा जाब रस्त्यावर विचारला गेला. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनात 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्याच लढ्यातून आली. गावठाणांमधली घरं नियमित करण्याचा प्रश्न मात्र नंतरही कित्येक वर्षं लोंबकळत राहिला.

राखणारी माणसं वगळण्याच्या याच धाग्याने धारण तलावांची आजची अडचण जोडलेली आहे. तलावात थोडा थोडा गाळ साचत राहतो आणि त्यावर खारफुटी रुजते. खारफुटी तोडण्यावर 2005 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे निर्बंध आहेत आणि ते योग्यच आहेत. पण त्यामुळे साचलेला गाळ उपसायला परवानग्यांची मोठी वाट पाहावी लागते. तोवर तलावाची कुवत घटत जाते. वेळच्या वेळी, खारफुटी रुजण्याआधीच गाळ काढला असता तर ही पाळी आली नसती. बांध दरवर्षी बघावा लागतो, हे शेतकऱ्याला कोणी सांगावं लागत नव्हतं. शहरात ती जबाबदारी कधी या खात्याची, कधी त्या खात्याची.

आता अटल सेतूच्या पलीकडे आणखी एक नवं शहर आखलं जातंय. 2024 मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 124 गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (एमएमआरडीए) नवनगर प्राधिकरण म्हणून नेमलं गेलं. यातही खारजमीन आहे, तिथेही बांध आणि उघाड्या आहेत. तिथल्या नकाशावर मेट्रोची रेघ आणि उंच इमारती दिसतीलच. मला त्यात दोन नोंदी शोधायच्या आहेत : पाण्यासाठी किती जागा मोकळी सोडली आणि तिचा गाळ दरवर्षी कोण, कोणाच्या पैशाने काढणार. आणि हे ठरवताना ज्या गावांनी आजवर बांध राखले त्यांना विचारलं का, तेही पाहायला हवं.