तीन फुचू आणि रूबीची ओळखपरेड

जपानमध्ये फुचू नावाची शहरे दोन आहेत. एक टोकियोच्या पश्चिम भागात, दुसरे हिरोशिमा प्रांतात. लिहिण्याची चित्राक्षरे तीच, कागदोपत्री दर्जाही तोच. भरीस भर म्हणजे हिरोशिमा प्रांतातच फुचू नावाचे एक छोटे नगरही आहे. माझ्दा या मोटार कंपनीचे मुख्यालय तिथलेच. माणूस बोलण्याच्या ओघात कोणते फुचू ते ओळखतो. संगणकाला ओघ कळत नाही. दोन नोंदी एकाच गावाच्या आहेत की वेगवेगळ्या, हे कशावरून ठरवायचे ते त्याला आधी सांगून ठेवावे लागते. ते सांगण्याची एक सुबक रीत जपानमध्येच जन्मलेल्या रूबी या प्रोग्रामिंग भाषेत पाहायला मिळते.

युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९३ मध्ये रूबी रचायला घेतली आणि डिसेंबर १९९५ मध्ये ती लोकांपुढे ठेवली. १९९७ पासून त्यांचे काम शिमाने प्रांतातल्या मात्सुए या शहराशी जोडले गेले. शिन्जी सरोवराकाठच्या या शहराने २००६ मध्ये रूबीला आपल्या विकासाचा भाग बनवले, २००९ मध्ये मात्सुमोतोंना मानद नागरिकत्व दिले. २०१२ मध्ये रूबी आंतरराष्ट्रीय मानक ठरली. इतक्या आडबाजूच्या गावाने एका भाषेला असे आपलेसे करावे, हे खरोखर कौतुकाचे आहे.

रूबीत सगळेच ऑब्जेक्ट असते, साधा आकडासुद्धा. आणि नोंदी साठवायला तिथे ‘हॅश’ नावाचे कोष्टक असते. टपाल कचेरीत पत्रे वेगळी करण्यासाठी खणांची मांडणी असते, तसेच हे कोष्टक. की म्हणून, म्हणजे नोंद शोधण्याची खूण म्हणून, दिलेल्या ऑब्जेक्टला रूबी आधी एक आकडा विचारते. या आकड्यालाही हॅशच म्हणतात. त्या आकड्यावरून खण ठरतो. हजारो नोंदी असल्या तरी सगळ्या धुंडाळाव्या लागत नाहीत, थेट त्या खणाशी जाता येते. पण दोन वेगळ्या ऑब्जेक्टचा आकडा योगायोगाने सारखाही येऊ शकतो. म्हणून खणाशी पोहोचल्यावर दुसरा प्रश्न: जे शोधतोय ते हेच का? हा प्रश्न विचारणाऱ्या मेथडचे, म्हणजे ऑब्जेक्टच्या ठरावीक कृतीचे, नाव ‘ईक्यूएल’.

प्रोग्रामरने स्वतः ‘नगर’ नावाचा क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट बनवण्याचा साचा, लिहिला आणि त्यात बरोबरीबद्दल काहीच सांगितले नाही, तर रूबी प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतंत्र मानते. टोकियोच्या फुचूची माहिती भरून दोन ऑब्जेक्ट बनवले तर ती दोन वेगळी गावे ठरतात. पहिले की म्हणून वापरून लोकसंख्या साठवली आणि दुसऱ्याने शोधली, तर हाती काही लागत नाही. माहिती अक्षरशः तीच असूनही!

यावरचा उपाय म्हणजे ऑब्जेक्टने हॅशचे काम आपल्या एखाद्या ॲट्रिब्यूटवर, म्हणजे गुणधर्मावर, सोपवणे. जपानमधल्या प्रत्येक नगराला सरकारी संकेतांक असतो: टोकियोच्या फुचूचा १३२०६, हिरोशिमातल्या फुचू शहराचा ३४२०८, माझ्दावाल्या नगराचा ३४३०२. ‘माझा हॅश म्हणजे माझ्या संकेतांकाचा हॅश’ एवढे क्लासमध्ये लिहिले की अर्धे काम झाले. असे सोपवण्यासाठी रूबीत ‘फॉरवर्डेबल’ नावाचे तयार साधन आहे. ते केइजू इशित्सुका यांनी लिहिले.

खरी मेख पुढे आहे. हॅश सोपवला तसाच ‘ईक्यूएल’ही डोळे मिटून सोपवला, तर घोळ होतो. हॅशचा प्रश्न एकट्याला विचारलेला असतो. बरोबरीचा प्रश्न दोघांत असतो. तो नुसता पुढे ढकलला की एका बाजूला संकेतांक उरतो आणि दुसऱ्या बाजूला आख्खे नगर. आकडा आणि नगर कधीच सारखे नसतात, त्यामुळे उत्तर कायम नकारार्थी येते. खण बरोबर सापडतो, तरी दुसऱ्या ऑब्जेक्टने नोंद मिळत नाही. म्हणून बरोबरीची मेथड हाताने लिहावी लागते: समोरचाही ‘नगर’च आहे ना हे पाहायचे, मग त्याचा संकेतांक काढून आपल्या संकेतांकाशी ताडायचा.

संकेतांक हाताशी नसेल तर अनेक ॲट्रिब्यूटांवर मिळून काम सोपवावे लागते. नुसत्या नावावर तिन्ही फुचू एक होतात. प्रांत आणि नाव घेतले तरी हिरोशिमातली दोन एकमेकांत मिसळतात. प्रांत, नाव आणि शहर की नगर हा दर्जा, असे तीन धरले की तिन्ही फुचू सुटी होतात. रूबीत या तीन ॲट्रिब्यूटांची एक यादी करून त्या यादीलाच हॅश विचारण्याची पद्धत आहे.

कोणत्या ॲट्रिब्यूटवर विसंबायचे, हा निर्णय मात्र भाषा घेत नाही, तो प्रोग्रामरचा. आणि तिथे सर्वांत मोठा धोका बदलाचा. १ ऑगस्ट २०११ रोजी हिगाशी-इझुमो हे नगर मात्सुएत विलीन झाले. आपल्याकडे २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. नावावर हॅश सोपवलेला असेल आणि कोष्टकात ठेवल्यानंतर त्याच ऑब्जेक्टचे नाव बदलले, तर नोंद जुन्या खणात राहते आणि शोध नव्या खणात घेतला जातो. सगळ्या नोंदी छापून पाहिल्या तर ती दिसते, मागितली तर मिळत नाही. असा दोष शोधताना भलेभले थकतात. ‘रीहॅश’ ही मेथड चालवून खण नव्याने लावता येतात, पण बदल झाला आहे हे आधी कळायला हवे. मजकुराची (स्ट्रिंगची) की दिली तर रूबी स्वतःच तिची गोठवलेली, म्हणजे बदलता न येणारी, प्रत ठेवते. आपण बनवलेल्या ऑब्जेक्टला हे संरक्षण नसते.

हॅशचा आकडा साठवून ठेवण्याचा मोहही टाळावा लागतो. त्यामागे एक जुनी घटना आहे. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत दोन संशोधकांनी दाखवले, की मुद्दाम एकाच खणात जाणाऱ्या असंख्य की पाठवून सर्व्हर ठप्प करता येतो. रूबीची तेव्हाची जुनी १.८ आवृत्तीही त्या तडाख्यात सापडली आणि तिला तातडीने दुरुस्ती करावी लागली. असे हल्ले टाळण्यासाठी आज रूबीचा प्रोग्राम दर वेळी सुरू होताना हॅशच्या गणितात नवा यादृच्छिक आकडा मिसळतो. त्यामुळे फुचूच्या नावाचा आजचा हॅश आणि उद्याचा हॅश वेगळा येतो. डेटाबेसात तो लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

रूबीच्या नव्या आवृत्त्या नाताळच्या दिवशी येतात. २०२२ च्या नाताळात आलेल्या ३.२ आवृत्तीत ‘डेटा’ नावाची सोय मिळाली. तिने बनवलेल्या ऑब्जेक्टचे ॲट्रिब्यूट नंतर बदलता येत नाहीत, आणि हॅश व बरोबरी दोन्ही सर्व ॲट्रिब्यूटांवर आपोआप सोपवलेली असतात. फुचूसाठी प्रांत, नाव, दर्जा एवढे एका ओळीत लिहिले की पुरते. मात्र एखाद्या ॲट्रिब्यूटमध्ये यादी ठेवली, तर त्या यादीच्या आतला मजकूर अजूनही बदलता येतो आणि हॅश पुन्हा सरकतो. ती यादी आधी गोठवणे प्रोग्रामरकडेच राहते.