'समुपदेशन' : एका संज्ञेचा विचार

बंगळूरचे शिवाजीनगर हा जुन्या लष्करी छावणीचा भाग. रसेल मार्केटच्या परिसरात तमिळ, दखनी उर्दू व कन्नड या भाषा एकाच वेळी कानी पडतात. जवळच्या सेंट मेरी बॅसिलिकात 8 सप्टेंबरच्या उत्सवास सर्व धर्मांचे लोक आपापली गाऱ्हाणी घेऊन येतात. याच शहरात 1969 साली ख्रिस्ती धर्मसंघाने क्राइस्ट कॉलेज स्थापन केले. 2008 साली त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला. तेथे समुपदेशन मानसशास्त्र शिकणारा विद्यार्थी सिद्धान्त इंग्रजीतून आत्मसात करतो. शिवाजीनगरातील माणसाचे दुःख मात्र त्यास लोकभाषेतच ऐकावे लागते. येथे संज्ञांचा प्रश्न उपस्थित होतो.

या शास्त्राचे एक प्रमुख प्रवर्तक कार्ल रॉजर्स यांनी प्रारंभी न्यूयॉर्कच्या धर्मशास्त्र-विद्यालयात अध्ययन केले व नंतर ते मानसशास्त्राकडे वळले. 1942 च्या ग्रंथात त्यांनी मांडलेली भूमिका अशी, की समुपदेशकाने उपदेश करू नये. समोरच्यास स्वतःचा मार्ग सापडेल असे ऐकून घ्यावे. आता मराठी संज्ञा पाहावी. जे वर्ज्य, तो 'उपदेश'च तिच्या उदरात आहे!

शेजारच्या भाषांनी निराळ्या वाटा धरल्या. कन्नडमधील 'आप्तसमालोचने' या संज्ञेत आप्तभावास अग्रस्थान आहे. तमिळमधील 'आट्रुप्पडुत्तल' ही संज्ञा संघम् वाङ्मयातील 'आट्रुप्पडै' या काव्यप्रकाराचे स्मरण करून देते. त्यात दान लाभलेला कलावंत वाटेत भेटलेल्या दरिद्री कलावंतास आश्रयदात्याचा मार्ग सांगतो. सांगणारा स्वतः त्याच दैन्यातून आलेला असतो, हे त्याचे मर्म होय.

म्हणून मराठी संज्ञा टाकाऊ ठरते काय? तसे वाटत नाही. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'च्या परंपरेत उपदेशाचे तीन प्रकार मानले आहेत : प्रभुसंमित, सुहृत्संमित व कान्तासंमित. आज्ञा करणारा उपदेश त्यांपैकी केवळ पहिला. 'सम्' या उपसर्गाचा 'सह' हा अर्थ प्रमाण मानून सुहृदाचा भाव जागविल्यास 'समुपदेशन' ही संज्ञा निर्दोष ठरू शकेल.

तथापि संज्ञा शुद्ध झाल्याने काम संपत नाही. 'जीव घाबरा होतो', 'अन्न गोड लागत नाही' असे म्हणणारी व्यक्ती रोगाचे नाव सांगत नसते. ती आपली अवस्था सांगत असते. त्या शब्दांचे घाईने इंग्रजी पारिभाषिकात रूपांतर केले, की ऐकणे तेथेच थांबते. समुपदेशकाच्या अभ्यासक्रमात देशी भाषांच्या वाक्प्रचारांना आणि वाङ्मयाला स्थान हवे, ते याचसाठी.