खपलीची नव्हे, शाळूची बिस्किटं

सांगली-साताऱ्याच्या कृष्णाकाठी खपली गहू पूर्वापार पिकतो. खिरीला आणि पुरणपोळीला त्याच्यासारखा दुसरा गहू नाही, असं इथल्या कुठल्याही घरात ऐकायला मिळतं. पचायला हलका म्हणून त्याचं नाव झालं आणि त्यापाठोपाठ एक घातक समजूत पसरली: खपलीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, नसतं. ते असतं. खपली हा गव्हाचाच जुना प्रकार आहे. त्यातलं ग्लुटेन साध्या गव्हाइतकं चिवट नसतं, एवढाच फरक. सीलिअॅक हा आजार असलेल्या मुलाला खपलीची बिस्किटं करून घातली, तर त्याच्या आतड्याला ती गव्हाचीच बिस्किटं आहेत. रवा, मैदा, शेवया आणि जव यांचंही तेच. आपल्याकडच्या सातूच्या पिठात डाळ्यांबरोबर गहूही असतो, तेव्हा तेही बाद.

सीलिअॅक म्हणजे गव्हाची साधी अॅलर्जी, मोठेपणी जाईल, असं अनेक आजी-आजोबांना वाटतं. प्रत्यक्षात ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारे आतड्याचे बारीक उंचवटे झिजतात. मग मूल नीट जेवूनही वाढत नाही, रक्त कमी राहतं, पोट फुगतं. काहींना जुलाब होतात, तर काहींना उलट बद्धकोष्ठ. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाशी असलेला हा संबंध १९५० च्या प्रबंधात मांडला. महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा हा आजार असलेली मुलं सुधारताना दिसली होती. हा आजार जन्मभर राहतो, आणि त्यावर आजही पथ्य हाच उपाय आहे.

पथ्यात सगळ्यात जास्त दगा देतं ते ‘एवढ्याशानं काय होतंय’ हे वाक्य. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जात राहिलं तरी आतड्याला इजा होऊ शकते, आणि तेवढं ग्लुटेन चिमूट-दोन चिमूट कणकेत भरतं. ‘भट्टीच्या आचेत ग्लुटेन जळून जातं’ हेही खरं नाही. भाजल्यानं ते नाहीसं होत नाही.

म्हणून माझ्या मते बिस्किटांचा खरा प्रश्न गिरणीत सुरू होतो. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, हे रोजचं अन्न. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगरात नाचणी. दोन्हींत मुळातच ग्लुटेन नाही. पण गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यावर शाळू दळला, की पाळ्यांत अडकलेली कणीक त्या पिठात उतरते. ‘ज्वारीवर ज्वारी दळा’ असं आपण गिरणीवाल्याला सांगतो. भाकरीसाठी ते पुरतं, या मुलांसाठी पुरत नाही, कारण पिठाची धूळ गिरणीभर उडत असते. धान्य निवडून, त्यातले गव्हाचे दाणे काढून, धुऊन वाळवावं आणि फक्त बिनगव्हाच्या धान्यासाठी ठेवलेल्या घरघंटीवर दळावं. भट्टीचंही तसंच. घरचं पीठ, तूप, साखर नेऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणायची आपली पद्धत छान आहे, पण तिथले पत्रे, परात, ओटा सगळं मैद्याचं. या मुलांची बिस्किटं घरीच भाजायला हवीत. विकतच्या पुड्यावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर भारतीय नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. नुसतं ‘ज्वारी’ किंवा ‘मिलेट’ लिहिलेल्या पुड्यात मैदा असू शकतो. घटक वाचावेत.

‘ग्लुटेनशिवाय बिस्किट जमतच नाही’ हा समज पावावरून आला आहे. पावाला फुगून उभं राहायला ग्लुटेनची जाळी लागते. बिस्किटाला ती नकोच असते. मैद्याच्या नानकटाईचं पीठ फार मळू नये म्हणतात ते त्यामुळेच: मळलं की ग्लुटेन चिवट होतं आणि खुसखुशीतपणा जातो. शाळूच्या पिठाला ही भीती नाही. चार वर्षांच्या मुलानं ते हवं तितका वेळ थापलं, मोडलं, पुन्हा गोळा केलं तरी बिस्किट वातड होत नाही. मुलांबरोबर करायला यापेक्षा सोपं पीठ मला माहीत नाही.

एक वाटी शाळूचं ताजं पीठ आणि अर्धी वाटी नाचणीचं पीठ कोरडंच मंद आचेवर भाजून गार करावं. अर्धी वाटी तूप आणि तेवढीच गूळपावडर मुलांना फेसायला द्यावी. त्यात पीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर, जायफळ आणि तासगावचे बेदाणे चिरून घालावेत. गोळा होईल इतकंच, दोन-तीन चमचे दूध लागतं. मग अर्धा तास झाकून ठेवावं. ही पायरी गाळली तर बिस्किट रवाळ लागतं, कारण शाळूचं पीठ ओल सावकाश पितं. चपट्या गोळ्या करून १६० अंशांवर पंधराएक मिनिटं भाजाव्यात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर तापवून, वर ताटली ठेवून भाजता येतात, वेळ थोडा जास्त लागतो. गरम असताना ही बिस्किटं हात लावताच मोडतात आणि ‘बघा, जमत नाही’ असं म्हटलं जातं. ताटलीतच पूर्ण गार होऊ द्यावीत, मग ती धरतात. विरी गेलेलं जुनं पीठ मात्र घेऊ नये. त्याची भाकरी जशी तुटते तशीच बिस्किटंही भुगा होतात.

पीठ मळायच्या आधी सगळ्या मुलांनी हात धुवावेत. भावंडानं आत्ताच खाल्लेल्या बिस्किटाचा चुरा बोटाला असतो, आणि खेळायच्या रंगीत मऊ क्लेच्या काही प्रकारांतही गव्हाचं पीठ असतं.

राहिला उलटा गैरसमज, की बिनग्लुटेनचं सगळ्यांनाच चांगलं. निरोगी मुलाला गहू बंद करण्यानं काही लाभ नाही, आणि गूळ-तुपाचं बिस्किट हे शेवटी गोडच. शंका आली म्हणून घरच्या घरी गहू सोडणं तर टाळावंच. रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच खात्रीची ठरते. गहू आधीच सोडला तर आजार असूनही तपासणीत तो निसटू शकतो. आधी बालरोगतज्ज्ञांकडे जावं, मग पीठ बदलावं.