ऑडिटरची सही आणि ठेवीदाराची जोखीम

सहकारी बँकेत मुदत ठेव ठेवणारा सामान्य माणूस ताळेबंद वाचत बसत नाही. कोणीतरी जाणकाराने तो तपासून सही केली आहे, यावर तो विसंबतो. ऑडिटरला फी संस्था देते, पण त्याच्या सहीवर भिस्त असते ती या ठेवीदाराची. अलीकडे लेखापरीक्षणात जोखीम-व्यवस्थापनाची चर्चा पुष्कळ होते. मात्र त्यातली जोखीम बहुतेक वेळा फर्मची स्वतःची असते: नोटीस, दंड, खटला, बदनामी. त्यापासून बचाव म्हणून फायली जाडजूड होतात आणि अहवालातली भाषा सावध होते. लोकांचा विश्वास हवा असेल, तर आधी ठेवीदाराची जोखीम मोजली पाहिजे.

गाजलेले घोटाळे पाहिले की जाणवते, चूक फार गुंतागुंतीच्या जागी नव्हती. 7 जानेवारी 2009 रोजी ‘सत्यम’च्या अध्यक्षांनी दिलेल्या कबुलीनुसार पुस्तकांतली 5,040 कोटी रुपयांची रोकड व बँक-शिल्लक अस्तित्वातच नव्हती. बँकेतली शिल्लक थेट बँकेकडून पडताळून घेणे हा ऑडिटचा प्राथमिक धडा आहे. दहा वर्षांनी मुंबईतल्या पीएमसी बँकेत 70 टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे साचल्याचे उघड झाले. ते झाकण्यासाठी 21,049 बनावट कर्जखाती दाखवल्याचा आरोप आहे. वेळेअभावी ऑडिटर केवळ वाढीव कर्जेच तपासत, असे बँकेच्या तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेल्या पत्रात म्हटले होते. हा दावा त्यांचा स्वतःचा आहे आणि दोष कोणाचा हे न्यायालयच ठरवील. ठेवीदारांनी मात्र किंमत लगेच मोजली. सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढता येत होते. पुढे जानेवारी 2022 मध्ये बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, तरी मोठ्या ठेवींची परतफेड दहा वर्षांपर्यंत लांबवण्यात आली.

यावर व्यवसायातून येणारा आक्षेप वजनदार आहे. ऑडिटर पोलीस नाही. तो नमुना तपासतो, आणि वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी संगनमत केले तर कागद खोटेच समोर येतात. 1896 साली इंग्लंडमधल्या एका निकालात न्यायमूर्ती लोप्स यांनी ऑडिटरला राखणदार कुत्रा म्हटले, शिकारी नव्हे. या वचनाचा आधार आजही घेतला जातो. पण संशयाला जागा दिसली तर मुळापर्यंत जावे, हेही त्याच निकालात आहे. बहुतांश कर्ज एकाच समूहाकडे जाणे हेच संशयाचे कारण आहे. दुसरा आक्षेप असा की शिक्षा कडक केल्या तर लहान फर्म सहकारी संस्थांची कामे सोडतील. ही भीती खरी आहे. म्हणूनच केवळ शिक्षेवर भर न देता नेमणूक, फी आणि वेळ यांची घडी बदलायला हवी.

त्या दिशेने पावले पडली आहेत. कंपनी कायदा 2013 ने ठरावीक कंपन्यांत ऑडिटर बदलणे सक्तीचे केले. 2018 मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण स्थापन झाले आणि मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटरांवर व्यवसायाबाहेरची देखरेख आली. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये नागरी सहकारी बँकांसाठीही ऑडिटरची सलग मुदत तीन वर्षांची केली आणि त्यानंतर सहा वर्षांचा खंड घातला. मात्र ज्याची तपासणी करायची, त्याच्याचकडून फी घ्यायची, ही अडचण कायम आहे. नियामकाने संस्थांकडून निधी जमवून त्यातून ऑडिटरची फी द्यावी, हा पर्याय किमान सहकारी बँकांत राबवून पाहावा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या अहवालात ऑडिटरला महत्त्वाच्या बाबी आणि त्या कशा तपासल्या हे लिहावे लागते. सहकारी बँकेच्या अहवालातही सर्वांत मोठी कर्जे कोणती, ती कशी पडताळली आणि कुठे शंका उरली, हे साध्या मराठीत छापले जावे. सर्वसाधारण सभेत ते वाचून सभासद प्रश्न विचारू शकतील, आणि उत्तर देण्याची तयारी असलेल्या ऑडिटरच्या सहीवरच लोक विश्वास ठेवतील.