बालाघाटचा तिसरा उमेदवार आणि गाझाचा प्रश्न

एप्रिल २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील बालाघाट येथील एका घरातला राजकीय मतभेद देशभर बातमीचा विषय झाला. माजी खासदार कंकर मुंजारे बहुजन समाज पक्षातर्फे लोकसभेची निवडणूक लढवीत होते, तर त्यांच्या पत्नी अनुभा मुंजारे काँग्रेसच्या आमदार होत्या. भिन्न विचारांची दोन माणसे एकाच छताखाली राहिल्यास लोक संगनमताचा संशय घेतील, असे सांगून मुंजारे यांनी १९ एप्रिलच्या मतदानापर्यंत घर सोडले. ती जागा भाजपच्या भारती पारधी यांनी जिंकली. काँग्रेस दुसऱ्या स्थानी राहिली आणि मुंजारे तिसऱ्या.

अनेकांना हा प्रसंग गमतीचा वाटला. त्यामागील प्रश्न मात्र गंभीर आहे. जिथे लढत दोघांतच निकाली निघते, तिथे तिसऱ्याचे प्रयोजन काय?

गोंदिया जिल्ह्याला लागून असलेल्या बालाघाटने या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. १९६२ मध्ये येथून प्रजा समाजवादी पक्षाचे भोलाराम पारधी लोकसभेत गेले, १९७७ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे कचरुलाल जैन, तर १९८९ मध्ये अपक्ष म्हणून स्वतः मुंजारे. गेल्या अडीच दशकांत मात्र ही जागा सातत्याने भाजपकडे राहिली आहे. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, या पद्धतीत तिसऱ्याला दिलेले मत वाया जाते, अशी मतदाराची धारणा होते. त्या भीतीने तो दोन मोठ्या पक्षांकडे वळतो. मग मोठे पक्ष जे प्रश्न बाजूला ठेवतात, ते निवडणुकीतूनच गळतात.

पॅलेस्टिनींचे मानवाधिकार हा अशाच प्रश्नांपैकी एक. ज्यांच्या हक्कांचा तो प्रश्न आहे, त्यांचे येथे एकही मत नाही. भारताने १९७४ मध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाईन राष्ट्राला मान्यता दिली. १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० जण मारले गेले. त्यानंतर इस्रायलच्या कारवाईत गाझातील मृतांची संख्या, तेथील आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीनुसार, ६० हजारांच्या पुढे गेली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताने डिसेंबर २०२३ मध्ये युद्धबंदीच्या बाजूने मत दिले आणि जून २०२५ मध्ये तशाच ठरावावर तटस्थता स्वीकारली. काँग्रेसने या तटस्थतेवर टीका केली. तरीही हा विषय रस्त्यावर आणण्याचा आग्रह प्रामुख्याने डाव्या पक्षांनी धरला.

मुंबईत त्याची कसोटी लागली. आझाद मैदानावर गाझासाठी निदर्शने करण्यास पोलिसांनी परवानगी नाकारली, तेव्हा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उच्च न्यायालयात गेला. २५ जुलै २०२५ रोजी याचिका फेटाळली गेली. मूळ अर्ज दुसऱ्या संघटनेचा असल्याने पक्षाला दाद मागण्याचा अधिकार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याचबरोबर कचरा, प्रदूषण, पूर असे देशातील प्रश्न असताना हजारो मैल दूरच्या प्रश्नाकडे का पाहता, अशी तोंडी विचारणाही केली. पुढे ऑगस्टमध्ये पोलिसांनी २० तारखेच्या सभेस परवानगी दिली.

‘दूरच्या प्रश्नाकडे का पाहता?’ हा सवाल गोमंतकीयांना अपरिचित नसावा. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. गोरे प्रजा समाजवादी पक्षाचे होते. पुढे १९६२ मध्ये बालाघाट जिंकणारा पक्ष तो हाच. १५ ऑगस्ट १९५५ च्या सामुदायिक सत्याग्रहात समाजवादी, कम्युनिस्ट आणि जनसंघाचे कार्यकर्ते गोळ्यांना सामोरे गेले. सत्ताधारी काँग्रेस पक्ष म्हणून त्यात उतरली नव्हती. गोवा आणि पॅलेस्टाईन यांची बरोबरी होत नाही. परंतु सत्तेच्या हिशेबापासून दूर असलेले पक्ष, ज्यांचे मत मिळणार नाही अशांसाठी बोलू शकतात, एवढे साम्य निश्चित आहे.

या मोकळेपणाची दुसरी बाजूही आहे. ज्याच्यावर राज्य चालवण्याची जबाबदारी येणार नाही, त्याला ठाम बोलणे सोपे असते. शिवाय निवडणुकीत त्याचे परिणाम वेगवेगळे दिसतात. जुलै २०२४ मध्ये ब्रिटनमधील लेस्टर साउथ येथे गाझाचा प्रश्न मांडणारे अपक्ष शॉकत अ‍ॅडम यांनी मजूर पक्षाच्या जोनाथन अ‍ॅशवर्थ यांचा ९७९ मतांनी पराभव केला. त्याच वर्षी अमेरिकेतील अरबबहुल डिअरबॉर्न शहरात ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना सुमारे १८ टक्के मते मिळाली. कमला हॅरिस मागे पडल्या आणि सर्वाधिक मते डोनाल्ड ट्रम्प यांच्या पारड्यात गेली. एका ठिकाणी प्रतिनिधी मिळाला, दुसऱ्या ठिकाणी केवळ निषेधाची नोंद झाली.

ती नोंदही निरर्थक नसते. किती मतदार दोन्ही मोठ्या पक्षांवर नाराज आहेत, हे तीच आकड्यांत दाखवते, आणि आकडा मोठा असला की पुढच्या वेळी त्याची दखल घ्यावी लागते. बालाघाटच्या प्रचारात गाझाचा विषय कदाचित कधीच येणार नाही. परंतु तिसऱ्याची जागाच उरली नाही, तर असा विषय मांडायचा कोणी, हे मुंजारे यांच्या घराबाहेरही विचारावे लागेल.